घंटी

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या प्रदर्शनात आमच्या टेबलावर
सन दोन हजारचं नाशिक होतं.
थर्माकोलचं. जरा कललेलं,
कारण टेबलाचा एक पाय आखूड होता.

रविवार कारंजावर उडणाऱ्या स्कूटरी,
टाचण्यांवर टोचलेल्या.
भद्रकालीत जेवणाच्या गोळ्यांचं दुकान,
गोळ्या आईच्या कॅल्शियमच्या, रंगवून.
आणि माणसागणिक एक चित्राचा फोन,
काडेपेटीएवढा. म्हणजे काडेपेटीच.

शेवाळे सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
हा खिशात घालून माणूस फिरणार?
हो सर.
आणि तो कुठं आहे ते सगळ्या गावाला कळणार?
हो सर.
असलं लोढणं स्वतःहून कोण गळ्यात बांधून घेईल?
वहीत शेरा : कल्पना बरी. अक्षर सुधारा.

पद्माकर तांबटनं भविष्य वगैरे केलंच नव्हतं.
त्यानं बापाच्या दुकानातलं घंगाळ आणलं,
मधोमध शाडूचा दुतोंड्या मारुती,
कमरेला तार, तारेला सेल, सेलला घंटी.
पाणी कमरेला लागलं की भांडीबाजारात वाजेल,
लोक पातेली माळ्यावर चढवतील.
इतकंच.
त्याच्या नाशकात उडायचं कुणालाच नव्हतं.

परीक्षक आले. पद्या तांब्यानं पाणी ओतत गेला.
गुडघे. मांड्या. कंबर.
घंटी गप्प.
छाती.
मग पद्याच ओरडला : पाणी आलं, पाणी!
अख्खा हॉल हसला.
उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही.

स्कूटरी अजून जमिनीवरच आहेत,
द्वारकेच्या चौकात, माझ्या बोटाखाली
लाल रेघ होऊन थांबलेल्या.
गोळ्या मी घेतो, पाच, पण जेवणानंतर.
काडेपेटी उशीखाली असते.
तिच्यात चित्र आहे, आवाज आहे, नातीचा पहिला दात आहे,
आणि आज मी किती पावलं चाललो ते
मला न विचारता मोजणारं कुणीतरी.
शेवाळे सर गेल्याचं तिच्यातच कळलं.
मी गंगापूर रोडला गिरणीत दळणासाठी उभा,
बावीस जणांच्या खाली
मीही हात जोडले. पिवळे.
हे काही आम्ही थर्माकोलमध्ये कापलं नव्हतं.

गेल्या पुरात धरणातून किती क्युसेक सुटलं
त्याचे आकडे तासातासाला टणटणत होते.
आकडा कुणाला कळतो?
जो तो एकच विचारी : मारुतीला कुठवर?
एकानं लिहिलं, गुडघे.
एकानं तीन वर्षांपूर्वीचा फोटो टाकला, गळ्यापर्यंतचा.
त्यावरून भांडण लागलं.
तेवढ्यात पाणी चढलं.

पद्या दुकानात. दिवे गेलेले, शटर अर्ध्यावर.
फोन आला हॅलिफॅक्सहून, पोराचा :
बाबा, कमरेच्या वर गेलंय. मी बघतोय. लाइव्ह.

गंगा माझ्यापासून दोनशे पावलांवर, पद्या सांगतो,
आणि घंटी वाजली ती पृथ्वीच्या पाठीवर पार पलीकडं.
म्हटलं, चला, वाजली तर.

मग बॅटरी संपली.

शेजारच्या गाळ्यात बोहऱ्यांचा मुफद्दल
कानात बोंडं घालून, मोबाइलच्या उजेडात
हिशेब मिटवत बसलेला.
पद्यानं त्याच्या कानातलं एक बोंड उपसलं,
गल्लीच्या मधोमध गेला, घोटाभर पाण्यात,
आणि ओरडला.
तेच. त्याच शब्दांत.
आवाज आता घोगरा, पण कुणी हसलं नाही.
रात्री दोनपर्यंत पातेली हातोहात वर जात होती.

सकाळी मी गेलो, तर गाळात
एक घंगाळ पालथं, त्यावर पद्या, हातात चहा.
मला वाटलं, नुकसानीचं काही बोलेल.
म्हणाला,
तारेचं टोक सोलायचंच राहिलं होतं रे तेव्हा.
काल रात्री लक्षात आलं,
शेवटचं पातेलं देताना.